आयरिश पूर्वजाचं जन्मगाव कसं शोधायचं? कागदावर नुसतं ‘आयर्लंड’ आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. प्रश्न इथे बसतो की नाही माहीत नाही, पण इथल्या लोकांच्या चिकाटीवर माझा विश्वास आहे म्हणून विचारते.

मी अमेरिकेत स्पोकेनला राहते. नवरा इथलाच, त्याच्या आईचं माहेर आयरिश. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. जन्म मोन्टानातल्या ब्यूटचा, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या गावचा. त्यांचे आजोबा आयर्लंडहून येऊन तिथल्या खाणीत लागले. गेल्या महिन्यात माझ्या बाबांशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? बाबांनी गाव, तालुका, ग्रामदैवत, कुठल्या पिढीत कोण तिथून बाहेर पडलं, सगळं एका दमात सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या मला म्हणाल्या, “मला माझ्या आजोबांचं गावसुद्धा सांगता येत नाही.” तेव्हापासून मला चैन नाही.

हाताशी काय आहे ते लिहिते. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत जन्म १८६८, देशात आगमन १८८८, जन्मस्थान आयर्लंड. तेव्हा ते एका बोर्डिंग हाउसमध्ये इतर सहा खाणकामगारांबरोबर राहत होते. दोन वर्षांनी लग्न. लग्नाच्या नोंदीत आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनाव हॅरिंग्टन. मृत्यूच्या दाखल्यावर आयर्लंड. थडग्याच्या दगडावर आयर्लंड. घरात एक बोलवा आहे की ते ‘कॉर्कचे’, म्हणजे आयर्लंडमधल्या त्या काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखी). आडनाव सुलिव्हन. पाळण्यातलं नाव लिहीत नाही, घरच्यांना ते जालावर नको आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सासूबाई सहा-सात वर्षांच्या असताना आजोबा गेले. त्यांना आठवतं की कुणी ‘कुठून आलात’ विचारलं की आजोबा ‘फ्रॉम ॲलीज’ म्हणायचे. ही ॲली त्यांची आत्या किंवा मावशी असावी, असं घरात सगळे धरून चालतात.

कुठून सुरुवात करू?

निरांजन
वाचतेय. सासूबाईंना नमस्कार सांग.

शंकासुर
ताई, नाउमेद करत नाही, पण आयर्लंडची कागदपत्रं १९२२ मध्ये जळून खाक झाली. आणि कॉर्कमध्ये सुलिव्हन शोधणं म्हणजे साताऱ्यात जाधव शोधणं. इतकी मेहनत करून एका खेड्याचं नावच मिळणार ना?

कोकणी_मेवा
आडनावात गाव ठेवायची आपली पद्धत किती सोयीची! आयर्लंडच्या माजी पंतप्रधानांचं मूळगाव आम्ही आडनावावरून सांगतो: वराडकर, म्हणजे वराड, तालुका मालवण. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा गावात केवढा आनंद होता, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते आईवडिलांना आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन वराडला येऊन गेले. आयरिश लोकांनी आडनावाला ‘कर’ लावला असता तर हा धागाच निघाला नसता.

अक्षरओळख
रानजाई, मी डब्लिनला बारा वर्षं आहे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी हे काम हौसेने करतो. सविस्तर लिहितो.

आधी शंकासुर यांच्या मुद्द्याबद्दल. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं अभिलेखागार स्फोट आणि आगीत गेलं, हे खरं. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणना जवळजवळ संपूर्ण तिथेच जळाल्या. पण १८६१ आणि १८७१ ची कागदपत्रं त्याआधीच सरकारनेच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात घातली. त्यामुळे आज पूर्ण हाती लागणाऱ्या सगळ्यात जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही फुकट पाहता येतात, घरोघरी भरलेल्या मूळ फॉर्मच्या छायाचित्रांसह.

जे जळलं नाही तेही पुष्कळ आहे. कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं त्या इमारतीत नव्हतीच, ती चर्चमध्येच होती. साधारण १८८० पर्यंतच्या पुस्तकांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये सगळ्यांना खुली केली. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली, तीही शाबूत आहे. म्हणजे तुमच्या १८६८ च्या माणसाचा जन्म दोन ठिकाणी लिहिलेला असणार, चर्चमध्ये आणि निबंधकाकडे.

अडचण वेगळीच आहे. आयर्लंडमध्ये ‘गाव’ म्हणजे टाउनलँड. आपल्या वाडीएवढी जागा, त्यांची संख्या साठ हजारांच्या वर. त्यावर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. चर्चचं पॅरिश वेगळं आणि त्याची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही. सरकारी नोंदणीचा जिल्हा तिसराच, तो वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना काम घेऊन आसरा देणाऱ्या सरकारी घराच्या, हद्दीवरून आखलेला. नुसतं ‘कॉर्क’ घेऊन यात शिरलात तर शेकडो सुलिव्हन सापडतील आणि आपला कोणता ते सांगता येणार नाही. म्हणून एवढ्यात आयर्लंडच्या कागदांकडे जाऊ नका. आधी अमेरिकेतला कागद न् कागद उलटा. गाव तिकडेच सापडतं.

मधुमालती
डीएनए चाचणी करा आणि मोकळ्या व्हा. माझ्या नणंदेला आठ दिवसांत चुलत भावंडं सापडली.

अक्षरओळख
@मधुमालती, चाचणी जरूर करावी, सासूबाईंचीच करावी, कारण त्या आजोबांपासून दोनच पिढ्या दूर आहेत. पण चाचणी माणसं देते, गाव देत नाही. ज्या दूरच्या भावंडाशी जुळेल त्याला स्वतःचं गाव माहीत असलं तरच उपयोग.

मधुमालती
तेही खरंच. पण करा. ८२ वय आहे, ते आधी करून ठेवा.

पंचगंगा
आमच्याकडे हेळवी येतात. बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवरून येतात. दारात उभं राहून सात पिढ्या म्हणून दाखवतात, नवीन नातवंडाचं नाव वहीत घालतात आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातात. त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत माझ्या खापरपणजोबांची सही पाहिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. शंकासुर, ‘एका खेड्याचं नावच ना’ असं म्हणू नका हो. ज्याच्याकडे ते नाही त्याला विचारा.

शंकासुर
पंचगंगा, मान्य. माझं गाव धरणात गेलं, पण नाव तरी माझ्याकडे आहे. शब्द मागे घेतो.

लष्कर_कॅम्प
धागा बघून राहवलं नाही. मी पुण्याचा, घरात मराठी, आणि आईकडून एक आयरिश पूर्वज. आईचे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या गोऱ्या पलटणीत शिपाई होते. ईस्ट इंडिया कंपनीची ती पलटण पुढे राणीच्या सैन्यात गेली, १०३ क्रमांकाची रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन. कंपनीची भरती आयर्लंडमध्ये जोरात चाले, त्यामुळे पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली भागात असे पूर्वज असलेली घरं आणखीही असतील.

आमचा अनुभव असा. इथल्या चर्चमध्ये विचारलं तर ज्या वर्षांचं पुस्तक हवं होतं ते वाळवीने खाल्लेलं निघालं. दोन वर्षं मी तिथेच थांबलो. मग कळलं की मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती त्या काळीच लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लग्न तिथे मिळालं, पण गाव मिळालं नाही. गाव मिळालं सैन्यातून मुक्त झाल्याच्या कागदावर. तो कागद लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यावर छापील ओळच असते: अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहरात किंवा शहराजवळ, अमुक काउंटीत जन्म. मोकळ्या जागा हाताने भरलेल्या. टिपेररी वाचलं आणि पॅरिशच्या नावावर अडलो, कारण कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं.

सांगायचं हे की मालकाने, म्हणजे सैन्याने, रेल्वेने, खाणीने, जो कागद केला तो बघा. नातेवाइकांना जे विचारायला सुचलं नाही ते मालकाने लिहून ठेवलेलं असतं.

निरांजन
लष्कर_कॅम्प, यावर वेगळा धागा काढाच.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. लष्कर_कॅम्प, तुमचा मालकाचा मुद्दा डोक्यात बसला. ब्यूटच्या खाणकंपनीचे जुने कागद तिथल्या सार्वजनिक अभिलेखागारात पाहता येतात असं कळलं, तिकडे लिहिते. नागरिकत्वाचे कागद मात्र मिळाले, त्यांवर ‘आयर्लंड’पलीकडे काही नाही.

अक्षरओळख
नागरिकत्व कधीचं? सप्टेंबर १९०६ च्या आधीचं असेल तर तसंच असणार. त्यानंतर नियम बदलले आणि जन्मगाव, जहाज वगैरे लिहू लागले. थोडक्यात हुकलं म्हणायचं.

रानजाई
१८९५ चं. हुकलं.

घाटमाथा
मी भूगर्भवाला. नोकरी बहुतेक राजस्थानात खेत्रीच्या तांब्याच्या खाणीत झाली. वंशावळीतलं मला काही कळत नाही, पण तांब्यातलं थोडं कळतं. तुमच्या प्रश्नात सगळे ‘सुलिव्हन’ शब्दाला धरून बसलेत. मी ‘तांबं’ शब्दाला धरतो.

खोल खाणीत उतरून कठीण खडक फोडणं हे शेतावरून उठून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी जमत नाही. ते बापाकडून येतं. म्हणून खाणकामगार खाणीकडून खाणीकडे जातात, आणि टोळीने जातात. खेत्रीत मी हेच पाहिलं, कोलार सोन्याच्या पट्ट्यातले लोक कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले होते. मग आयर्लंडमध्ये, काउंटी कॉर्कमध्ये, तांबं कुठे होतं? बेअरा द्वीपकल्पाच्या टोकाला. तिथे १८१२ मध्ये पक्सली नावाच्या जमीनदार घराण्याने खाणी काढल्या. सुरुवातीला जाणते कामगार इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आणले, त्यांच्यासाठी बांधलेलं मेथडिस्ट चर्च अजून उभं आहे आणि त्यात आता खाणीचं संग्रहालय आहे. १८८४ च्या सुमाराला खाणी बंद पडल्या. तुमचे आजोबा १८८८ ला अमेरिकेत उतरले. तेव्हा ब्यूट जोरात होतं आणि तिथली मोठी खाण चालवणारा मार्कस डेली स्वतः आयर्लंडमधल्या काव्हन काउंटीचा. बेअराची माणसं आधी मिशिगनच्या तांब्यावर आणि मग ब्यूटच्या तांब्यावर गेली, हे खाणींच्या इतिहासात ठळक आहे. सुलिव्हन आणि हॅरिंग्टन ही दोन्ही आडनावं त्या टोकाला खच्चून भरलेली.

आता खाणींच्या त्या गावाचं नाव सांगतो. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण भलताच उच्चार करू, म्हणून तिथल्या लोकांसारखं लिहितो: ॲलिहीज.

ताई, तुमची ‘ॲली’ आत्या नव्हती.

कोकणी_मेवा
अंगावर काटा आला!!

पंचगंगा
दोनदा वाचलं. घाटमाथासाहेब, दंडवत.

निरांजन
फ्रॉम ॲलीज. फ्रॉम ॲलिहीज. बिचारे आजोबा आयुष्यभर गावाचं नाव सांगत होते आणि घरचे आत्या समजत होते.

रानजाई
हात थरथरतायत, नंतर लिहिते.

अक्षरओळख
घाटमाथा, हे मला सुचायला हवं होतं. आनंद झाला.

रानजाई, तरी सावध. कानाला जुळलं म्हणजे पुरावा झाला नाही. आयर्लंडमधून गेलेली प्रसिद्ध पोर ॲनी मूर आठवा. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची नोंद व्हायची त्या बेटावर, उतरलेली पहिली प्रवासी, कॉर्कहून आलेली. पुढे कित्येक वर्षं टेक्सासमध्ये वारलेल्या एका ॲनी मूरला सगळे तीच समजत होते, तिच्या वंशजांना समारंभांना बोलावत होते. २००६ मध्ये उघड झालं की टेक्सासवाली मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून गेलीच नव्हती आणि तिची कबर तिथेच क्वीन्समध्ये होती, दगडाविना. नावाच्या मोहाने असं होतं.

म्हणून आता बोर्डिंग हाउसमधले ते सहा जण बघा. त्यांचे मृत्युलेख, त्यांची थडगी, त्यांची लग्नं. मग आजोबांच्या पहिल्या मुलाचा ब्यूटमधला बाप्तिस्मा, त्यात धर्ममाता आणि धर्मपिता कोण? परक्या देशात माणूस त्या मानासाठी गाववाल्यालाच बोलावतो. त्या पिढीच्या थडग्यांवर पुष्कळदा ‘अमुक पॅरिशचा रहिवासी’ असं कोरलेलं असतं. तुमच्या दगडावर नसेल, शेजारच्यावर असेल.

शंकासुर
आता मीसुद्धा रोज येऊन बघणार.

मधुमालती
अवांतर: आयरिश गावांच्या नावांत सारखं किल, बॅली, नॉक का येतं?

अक्षरओळख
बॅली म्हणजे ‘बाइले’, वस्ती. किल म्हणजे बहुधा ‘किल्ल’, चर्च, कधी ‘कॉइल’, रान. नॉक म्हणजे टेकडी. डेरी म्हणजे ओकची राई. १८२४ पासून इंग्रजांनी सगळ्या देशाची मोजणी केली, तेव्हा आयरिश नावं इंग्रजी अक्षरांत बसवली गेली. एकाच नावाची दहा-दहा गावं, जशी आपल्याकडे पिंपळगावं. बसवंत की आणखी कुठलं ते विचारावंच लागतं. तिथे ‘कोणत्या वर्कहाउसच्या हद्दीतलं’ असं विचारतात.

पंचगंगा
आणि जमिनीचे कागद? आमच्याकडे वारस शोधायचा तर तलाठ्याकडे फेरफार बघतात.

अक्षरओळख
हुबेहूब तेच तिथे आहे! १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली सगळ्या देशाच्या जमिनीचं आणि घरांचं मूल्यांकन झालं. त्यात प्रत्येक टाउनलँडमधला कसणारा, जमीनमालक, क्षेत्र, आकार असं लिहिलेलं. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक. त्या काळच्या जनगणना हाती नसल्यामुळे १८४५ पासूनच्या मोठ्या दुष्काळानंतरच्या आयर्लंडची तीच यादी. पुढे कूळ बदललं की जुनं नाव खोडून वर नवं लिहायचे, आणि वर्षागणिक शाईचा रंग बदलायचे. लाल, निळी, हिरवी, जांभळी. त्या रंगावरून बाप कधी गेला आणि जमीन कोणत्या मुलाच्या नावावर चढली ते कळतं. आपला फेरफारच, फक्त रंगीत. ती पुस्तकं डब्लिनच्या तेव्हाच्या मूल्यांकन कार्यालयाने केलेली.

पंचगंगा
वा! ही माहिती आमच्या तलाठ्याला दाखवणार.

रानजाई
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. खूप लिहायचंय.

आम्ही ब्यूटला जाऊन आलो. गाडीने पाच तास, सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर आजोबांचा एकुलता एक फोटो. जायच्या आधी बोर्डिंग हाउसमधल्या सहा जणांची यादी केली होती. तिघांचा काहीच माग लागला नाही. एकाचं लग्न मिळालं. दोघांची थडगी आजोबांच्याच दफनभूमीत आहेत हे तिथल्या पुस्तकात सापडलं. शिवाय पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला. धर्ममाता सुलिव्हनच. सासूबाई म्हणाल्या, ही आजोबांची बहीण, ती घरी यायची, पण तिला सगळे नुसतं ‘आंटी’ म्हणत.

दफनभूमीत पहिला दगड पडलेला होता, काही वाचता येईना. दुसऱ्यावर शेवाळ. अक्षरं बुजलेली. नवऱ्याने मऊ ब्रशने हलकेच घासलं, बाटलीतलं पाणी ओतलं, आणि आम्ही थांबलो. दुपार उतरणीला लागली होती. ऊन तिरपं झालं तशा ओल्या दगडावर अक्षरांच्या सावल्या उमटल्या. आधी नाव. मग साल. खाली बारीक ओळ: ‘रहिवासी, ॲलिहीज, काउंटी कॉर्क’. सासूबाई वाकून, बोट फिरवत, एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या. पहिल्यांदा अडखळल्या. दुसऱ्यांदा भरभर म्हटलं, आणि त्यांच्या तोंडून जो उच्चार बाहेर पडला तो त्यांचा नव्हता, त्यांच्या आजोबांचा होता. “ॲलीज.” मग त्या गवतावरच बसल्या. आम्ही कुणीच बराच वेळ बोललो नाही.

घाटमाथा
…

ताई, काय लिहू. माझ्या सगळ्या नोकरीत मी खडकाकडून इतकं कधी ऐकलं नव्हतं.

कोकणी_मेवा
रडवलंत.

अक्षरओळख
आता आयर्लंडच्या कागदांकडे जायची वेळ झाली. आणि नशीब बघा, बेअरा काउंटी कॉर्कमध्ये असलं तरी चर्चच्या हिशोबात ते केरीच्या धर्मप्रांतात येतं, आणि केरीच्या चर्चनोंदी सरकारच्या मोफत वंशशोध संकेतस्थळावर नावानुसार शोधता येतात. कॉर्कच्या शोधात बसला असतात तर कदाचित हाती लागलं नसतं. सुलिव्हन वडील, हॅरिंग्टन आई, १८६६ ते १८७०, पॅरिश ॲलिहीज. किती निघतात ते सांगा. नावांच्या रूपांकडे लक्ष ठेवा. तिकडे जेरेमाया, डार्बी, डरमॉट हा एकच माणूस असू शकतो. जोहाना, हॅना याही एकच. आपल्याकडे बाळकृष्णाचा बाळू होतो तसं.

रानजाई
तीन निघाले. तीन! एकाच नावाचे, तिघांचे वडील सुलिव्हन, आई हॅरिंग्टन.

शंकासुर
जाधव म्हटलं होतं ना मी. पण आता सोडायचं नाही.

अक्षरओळख
सोडायचं नाहीच. प्रत्येकाची भावंडं काढा आणि ती ‘आंटी’ कोणत्या घरात आहे ते बघा. सरकारी मृत्युनोंदीत तिघांपैकी कुणी लहानपणीच गेला का तेही बघा. मुलांना नावं द्यायची रीतही पडताळा: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची.

मधुमालती
ही रीत सगळे पाळत का? आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण मोठ्या काकांनी स्वतःच्या आवडीचं ठेवलं आणि पुढचं गणित बिघडलं.

अक्षरओळख
पाळत असत, पण सगळे नाही. म्हणून ती शेवटी पडताळायची, सुरुवातीला नाही.

रानजाई
लागलं.

पहिला दोन वर्षांचा असताना वारला, मृत्युनोंद मिळाली. दुसऱ्याच्या आईचं नाव मेरी, आमच्या लग्नाच्या नोंदीत आई हॅना आहे. तिसऱ्याची आई जोहाना हॅरिंग्टन, आणि त्याच आईवडिलांच्या पोटी चार वर्षांनी मुलगी, नाव ब्यूटमधल्या धर्ममातेचं. पत्ता दोन्ही नोंदींत एकच: कॅमिन्चिस. घाटमाथा, त्या नावाची तांब्याची खाणसुद्धा होती!

एक गोष्ट कळली नाही. बाप्तिस्मा मार्चमधला आहे आणि सरकारी नोंदीत जन्म एप्रिलमधला. जन्माआधी बाप्तिस्मा कसा?

अक्षरओळख
अभिनंदन!! आणि घाबरू नका, हे सारखं दिसतं. बाळ दोन-तीन दिवसांचं असताना चर्चमध्ये नेत. निबंधकाकडे जायला डोंगर उतरून जावं लागे, उशीर होई, आणि उशिराला दंड असे. मग दंड टाळायला जन्मतारीखच पुढे सरकवून सांगत. चर्चवर विश्वास ठेवा.

लष्कर_कॅम्प
मनापासून आनंद झाला. १९०१ च्या जनगणनेत आईवडील तिथे होते का?

रानजाई
होते. दोघंच, म्हातारी, सोबत एक नात. फॉर्मवर भाषेच्या रकान्यात ‘आयरिश आणि इंग्रजी’. वाचता येत नाही, दोघांनाही. सहीच्या जागी पोलीस शिपायाच्या अक्षरात नाव आणि मधोमध वडिलांनी केलेली फुली. ती फुली सरळ नाही, एक रेघ लांब आणि थरथरलेली. सासूबाईंनी ती मोठी करून घेतली आणि कितीतरी वेळ बघत होत्या. १९०१ मध्ये त्यांचं वय ६० आहे आणि १९११ मध्ये ७३.

अक्षरओळख
वृद्धापकाळाचं पेन्शन. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना मिळू लागलं. जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता, १८६४ च्या आधीची ती माणसं. त्या दहा वर्षांत देशातली पुष्कळ माणसं तेरा-चौदा वर्षांनी म्हातारी झाली. १९११ च्या फॉर्मवर आईच्या ओळीत बघा, किती मुलं झाली आणि किती जिवंत, हा प्रश्न त्या वर्षी विचारला होता.

रानजाई
झालेली नऊ. जिवंत सात. घरात एकही नाही.

पंचगंगा
सातही परदेशी?

रानजाई
चार ब्यूटला सापडले आतापर्यंत. बाकीच्यांचा शोध चालू आहे.

आता शेवटचं विचारते. सासूबाईंना आजोबांच्या दगडावर गावाचं नाव कोरून घ्यायचं आहे. ‘आयर्लंड’च्या वर जागा आहे. कोरणाऱ्याने स्पेलिंग लेखी मागितलं. आयरिशमध्ये ‘ना हॅलिखी’सारखं काहीतरी लिहितात असं दिसलं. कोणतं घ्यावं?

अक्षरओळख
दोन्ही बरोबर आहेत. पण त्यांच्या सोबत्याच्या दगडावर जे आहे तेच घ्या, अक्षर न् अक्षर. दोघं एका घरात राहिले होते.

रानजाई
सासूबाई हेच म्हणाल्या. उद्या कागद पाठवते.